कचऱ्यातून काढलेला आवाज

आमच्या सुनेला मी मनातल्या मनात कानटोपी म्हणते. तोंडावर नाही म्हणत, कारण तिला राग येणार नाही, उलट ती हसेल, आणि मग माझी सगळी मजाच जाईल. पण दुसरं काय म्हणायचं, सांगा. सकाळी उठते ती गळ्यात हेडफोन घालून, भाजी चिरते ती एका कानावर हेडफोन लावून, आणि आम्ही काही बोललो की मोकळा कान आमच्याकडे वळवते. जेवताना तेवढा काढून ठेवते, तोही मी एकदा डोळे वटारले म्हणून.

ती एका लहानशा रेडिओ केंद्रात कामाला आहे. लहानसं म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, आणि एक खुर्ची कुरकुरते म्हणून तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. तिथे नर्स येतात, प्लंबर येतात, बसचे ड्रायव्हर येतात आणि आपापल्या कामाबद्दल बोलतात. कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटतं, कुणी माइक बहिरा असल्यासारखं ओरडतं. हिचं काम म्हणजे पुटपुटणाऱ्याला वर आणायचं, ओरडणाऱ्याला खाली बसवायचं, पंख्याची घरघर पुसून टाकायची. आणि हे सगळं माणूस बोलत असतानाच, कारण कार्यक्रम थेट जातो. केंद्रात पैशाच्या नावानं आनंद, त्यामुळे तिची संगणकावरची सगळी हत्यारं फुकटची. कुठलं फुकट खरंच फुकट आहे आणि कुठलं आठवडाभर गोड बोलून मग हात पसरतं, ते तिला तोंडपाठ असतं.

लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली की आई, फ्रिजचा एक पाय हवेत आहे. मी मनात म्हटलं, आल्या मोठ्या तपासनीस. वाकून पाहिलं तर खरंच होता. तिनं पुठ्ठ्याची घडी घालून पाय टेकवला, फ्रिज गप्प झाला, आणि मीही गप्प झाले. पण मग घरी काही रेकॉर्ड करायचं असलं की ती फ्रिज बंदच करायला लागली, आणि एकदा चालू करायला विसरली. पातेलंभर दूध नासलं. त्या दिवशी मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून फ्रिज बंद केला की ती घराची किल्ली त्यात ठेवते, म्हणजे बाहेर पडताना फ्रिज उघडावाच लागतो. युक्ती चांगली आहे, पण ती गार किल्ली हातात घेताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

आमचा मुलगा जहाजावर असतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, ती आणि हे.

हे म्हणजे छापखान्यातले मिस्त्री. छापखान्याच्या तळघरात एक जुनं मशीन आहे, आमच्या बैठकीच्या खोलीएवढं. त्याची दुरुस्ती यांच्याशिवाय कुणाला जमत नाही, आणि यांना हात लावायच्या आधी कान लावायची सवय. मशीनशेजारी उभे राहणार, डोळे मिटणार आणि सांगणार की अमुक बेअरिंग गेलंय, तमुक बोल्ट ढिला आहे. शाईच्या रुळांचा आवाज तर म्हणे बोलतो. शाई नेमकी असली की नुसतं सर्र, सर्र. जास्त झाली की चटचट. मी डबा द्यायला जायचे तेव्हा कानात बोटं घालूनच जिना उतरायचे. मला सगळं सारखंच ऐकू यायचं, एक मोठी कटकट.

स्वभावानं हे भयंकर तापट. मशीनमनवर ओरडणार, मालकावर ओरडणार, पेपर टाकणाऱ्यावर ओरडणार. घरी चहा जरा कोमट झाला की कप बशीत आपटणार. मीही काही गाय नाही, मी पण तोंडाला तोंड द्यायचे. आमचा संसार असाच खणखणीत चालला, आणि शेजाऱ्यांनाही त्याची सवय झाली होती.

गेल्या वर्षी त्याच तळघराच्या जिन्यावर सांडलेल्या तेलावरून यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं की घरात हळूहळू चाला, पण तो जिना आता विसरा.

आणि मग हे गोड बोलायला लागले.

तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. अहो, चांगलं कसलं. चहा गार दिला तरी म्हणायचे, छान झालाय. आमटीत मीठ विसरले तरी म्हणायचे, असू दे, मीठ कमीच बरं. सून म्हणाली बाबा, खिडकी उघडू का, तर उघड बाळ. लावू का, तर लाव बाळ. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि सगळ्याला हो म्हणायचे. ज्या माणसानं आयुष्यात कधी माझं एक वाक्य सरळ ऐकून घेतलं नाही, तो माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायला लागला, तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून उठून चाललाय. मी मुद्दाम चहात साखर घातली नाही, भांडण उकरून काढलं, काही उपयोग नाही. तुझं बरोबर आहे म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे.

छापखान्याचे मालक भला माणूस. ते भेटायला आले आणि त्यांनी एक गोष्ट सुचवली. तळघरात मशीनजवळ फोन धरायचा, मिस्त्रींनी घरी बसून ऐकायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. जमलं तर मशीनही राहील आणि मिस्त्रीही. पण नाहीच जमलं, तर त्या मशीनला सांभाळणारं दुसरं कुणी नाही, मग भंगारवाल्याला बोलवावं लागेल. नवं मशीन येईल, त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस येईल. ते हे सगळं खाली मान घालून बोलले, पण बोलले स्वच्छ.

यांच्या डोळ्यांत त्या दिवशी जरा धुगधुगी दिसली. एकच अट घातली, माझ्यासाठी पैसे खर्च करून काहीही आणायचं नाही, आधीच दवाखान्यात पुष्कळ गेलेत. सून म्हणाली, बाबा, पैसे न देता आवाज इकडून तिकडे न्यायचं काम मी रोजच करते. तिनं एक फुकटचं ॲप शोधलं, रेडिओवर पाहुण्यांना फोनवरून बोलतं करायला ती तेच वापरायची. यांच्या फोनवर टाकलं, मशीनमनच्या फोनवर टाकलं, आणि हातासरशी माझ्याही. आम्ही खोल्याखोल्यांतून हॅलो हॅलो करून पाहिलं. आवाज असा, जसं माणूस कानाशी बसून बोलतंय. मीसुद्धा म्हटलं, वा, पोरीला अक्कल आहे.

मशीनमनला सगळे बारक्या म्हणतात. दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागतं, पण लहानपणचं नाव चिकटलं ते चिकटलं. दुसऱ्या दिवशी सून कामावर गेलेली असताना बारक्याचा फोन आला. हे हेडफोन लावून ताठ बसले. मी शेजारीच होते. मशीनमधून ठक ठक येतंय, सांगा कुठून येतंय, असं तो म्हणाला म्हणे. हे म्हणाले, मशीन चालू कर. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, मशीन चालू कर की. पलीकडून बारक्या काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. "चालूच आहे होय," एवढंच म्हणाले. मग अगदी हळू आवाजात त्याचे आभार मानले आणि हेडफोन काढून घडी घातल्यासारखा मांडीवर ठेवला.

मला म्हणाले की माझे कान गेले. बारक्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो, पण मशीनचा टिपूससुद्धा नाही. वयाबरोबर काही आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणालेच होते, माझे नेमके तेच गेले. मालकांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की माझ्याच्यानं होणार नाही, शनिवारी भंगारवाल्याला यायला सांगा.

संध्याकाळी सून आली आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, बाबा, आवाज स्पष्ट आला का? हे म्हणाले, "अगदी स्पष्ट आला, बाळ. छान केलंस तू." खोटं नव्हतं ते. बारक्याचा आवाज स्पष्टच आला होता. पण पुढचं काही बोलले नाहीत, आणि मलाही डोळ्यांनी गप्प बसवलं. पोरीनं एवढे कष्ट घेतलेत, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं. ती आनंदानं आत गेली. मला तिचा भयंकर राग आला, कशाचा ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

आता मधेच माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. ती मला रोज दुपारी फोन करते. मी घरी शिवणकाम करते, पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. पायाचं जुनं मशीन आहे, आणि बोलायला म्हणून मी हात थांबवत नाही. त्यामुळे बहिणीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आधी ती कटकट बंद कर. मी करत नाही. मग ती चिडते, मग आम्ही बोलायला लागतो.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. नवं ॲप होतं, तिनंही ते घेतलं होतं. मी जाड पडद्याला दुमड घालत होते, मशीन दणदणत होतं, आणि बहीण सुनेच्या चौकशीपासून गुडघेदुखीपर्यंत निवांत बोलत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, काय गं, शिवणकाम सोडलंस का? हल्ली घरात अगदी शांतता असते तुझ्या. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, या क्षणी माझा पाय मशीनच्या पायट्यावर आहे. ती म्हणाली, छे, मला तर फक्त तू ऐकू येतेस.

सून त्या दिवशी सुट्टीवर होती, पलीकडे बसून शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. मी फोन ठेवल्यावर म्हणाली की आई, मावशी काय म्हणाल्या ते परत सांगा. मी सांगितलं. मग तिनं हळूच विचारलं, बाबांना त्या दिवशी मशीन ऐकू आलं होतं ना? आता मात्र मला राहवलं नाही. कसलं मशीन, मी म्हटलं, त्यांचे कान गेलेत, शनिवारी भंगारवाला येतोय, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ते तोंडात गुळणी धरून बसलेत.

ती उठून उभी राहिली, शेंगा मांडीवरून सगळीकडे पसरल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चक्क हसत होती.

"आई, बाबांचे कान गेलेले नाहीत. मीच त्यांचं मशीन झाडून टाकलंय."

मग तिनं मला समजावलं. हे ॲप माणसांनी माणसांशी बोलण्यासाठी केलेलं. बोलणं सोडून जे काही सतत घरघरतं, सरसरतं, दणदणतं, ते सगळं ते कचरा समजतं आणि वाटेतच झाडून टाकतं. न सांगता, न विचारता. रेडिओवर तिला तेच हवं असतं, म्हणून तिला त्यात कधी खोट दिसली नाही. आम्ही हॅलो हॅलो करून पाहिलं, मशीन लावून कुणी पाहिलंच नाही. म्हणजे यांचा सगळा जन्म ज्या आवाजात गेला, तोच नेमका कचऱ्याच्या टोपलीत जात होता. मला हसावं की रडावं कळेना.

यांना सांगितलं तर विश्वास ठेवायला तयार नाहीत. माझं समाधान करायला बोलताय तुम्ही दोघी, असं म्हणाले, तेही गोडीत. तेव्हा सून म्हणाली, आई, तुमचं मशीन लावून पाहू.

झालं, माझ्या पडद्यांचे बारा वाजले. मी आतल्या खोलीत शिवणयंत्रावर, माझ्यापुढे स्टुलावर एक फोन. हे बाहेर कॉटवर, कानाला सुनेचे मोठे हेडफोन. आणि ती मधल्या दारात जमिनीवर लॅपटॉप घेऊन, एक पाय इकडे एक पाय तिकडे. त्या जुन्या ॲपमध्ये झाडू बंद करायची सोयच नव्हती, म्हणून तिनं दुसरी फुकटची हत्यारं काढली.

पहिलं लावलं आणि मी पाय मारायला सुरुवात केली. हे ओरडले नाहीत, पण चकित होऊन म्हणाले की हिच्या मशीनमधून बाई केस धुवायचं काहीतरी विकतेय. फुकटात जाहिरात ऐकावी लागत होती. ते गेलं. दुसऱ्यातून आवाज सुरेख यायचा, पण सावकाश. मी थांबून पदराला हात पुसत बाहेर आले तरी यांच्या कानात माझं मशीन चालूच. सून म्हणाली, असा उशीर नको, बाबांनी थांब म्हटलं की बारक्याकाकांचा हात त्याच क्षणी थांबला पाहिजे. तेही गेलं.

तिसऱ्यात मशीन ऐकू आलं. उशीर नाही, जाहिरात नाही. हे कान देऊन ऐकत होते, आणि मी पाहिलं, इतक्या महिन्यांनी यांच्या कपाळाला आठी पडली होती. म्हणाले, आवाज येतोय, पण सगळं इस्त्री केल्यासारखं येतंय. जवळचं लांबचं, जोरातलं हळूचं, सगळं एका उंचीचं. मशीनला दुखतंय कुठे ते कळत नाही. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. सवयीनं तिनं त्यात रेडिओचं साधन जोडून ठेवलं होतं, पुटपुटणाऱ्याला वर उचलणारं आणि ओरडणाऱ्याला दाबणारं. तिनं ते काढलं.

इस्त्री काढल्यावर मात्र यांनी एकदम मान वर केली. म्हणाले, मशीनचा पट्टा ढिला आहे. तो मी मघाशी मुद्दामच ढिला केला होता, सुनेलाही न सांगता. मग मी वाकडी सुई लावली, तेही ओळखलं. मग मी काहीच केलं नाही, नुसती चालवत राहिले, तर म्हणाले, तेल घालशील का जरा? खरंच कोरडं पडलं होतं. मी शिवणयंत्राला टेकून बसले. माझा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्मा अजून तळघरात होता.

कारण तळघरात नेटची बोंब. सून शुक्रवारी सकाळी स्वतः तिथे जाऊन आली. एवढा भरघोस आवाज तिथून वर येईना, तुटून तुटून यायचा. आवाज दाबून लहान केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा इस्त्री? ती म्हणाली, नाही आई, ही इस्त्री नाही, ही बॅग भरणं. सगळे कपडे न्यायचे, पण घड्या अशा घालायच्या की लहान बॅगेत बसले पाहिजेत. फक्त घड्या घालणाऱ्याला आधी कळायला हवं की आत काय आहे. बोलणं आहे असं समजून घडी घातली तर तो रुळांची सरसर बाहेरच ठेवेल.

त्यासाठी तिच्याकडे एक फुकटचं साधन होतं, खरंखुरं फुकटचं. यांनी विचारलं, एवढं चांगलं काम कुणी फुकट कसं देतं? तिनं सांगितलं की कुठली कुठली माणसं आहेत, एकमेकांना न पाहिलेली, त्यांनी आपल्या कामासाठी बनवलं आणि कुणीही वापरा म्हणून उघडं ठेवलं. यांनी हात जोडले. मग म्हणाले, त्यांना माझा नमस्कार कळव. आणि ती पोरगी खरंच बसून कुठेतरी तो कळवत होती, मी पाहिलं.

त्या साधनात दोनच पर्याय होते. काय दाबायचंय, बोलणं की संगीत. सुनेनं संगीतावर खूण केली. मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं मी ज्या कटकटीला शिव्या घातल्या तिला आता संगीत म्हणायचं? ती म्हणाली, तुम्ही काहीही म्हणा, त्याला तसं सांगितलं की तो काही फेकत नाही.

शनिवार उजाडला. भंगारवाला दुपारी येणार होता. मालक स्वतः तळघरात उतरून उभे होते, बारक्याच्या हातात फोन, तो कसा धरायचा, बोट कुठे ठेवायचं नाही, हे सुनेनं त्याला चार वेळा पढवलेलं. आमच्या घरात तिनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मी यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि पदराचं टोक चावत कोपऱ्यात बसले. सून यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती. तिच्याकडे दुसरे हेडफोन होते, पण तिनं ते लावले नाहीत, ती यांच्या तोंडाकडेच बघत होती.

हे म्हणाले, चालू कर. आणि डोळे मिटले.

बराच वेळ यांचा चेहरा तसाच राहिला. माझ्या मनात आलं, संपलं. मग यांच्या मांडीवरची बोटं हलली. एक, एक, एक, अशी तालात पडायला लागली. हे म्हणाले, बारक्या, कागद घेतो त्या बाजूला जा. तिथे नाही. आता मोठ्या सिलिंडरकडे. तिथेही नाही, बेअरिंगला काही झालेलं नाही, मालकांना सांग. आता कागद बाहेर पडतो तिकडे. खाली वाक. अजून. तुला वाकता येत नाही का, पोट बाजूला घे. हां, तिथे. मशीन सावकाश कर. आणि मग एकदम म्हणाले, थांब, आणि हेडफोनमधलं मशीन त्याच क्षणी थांबलं असणार, कारण यांनी मान हलवली.

साखळीवरची, कागद धरणारी तिसरी दांडी बघ, म्हणाले. तिचा बोल्ट ढिला होऊन जाळीला लागतोय.

पलीकडे बराच वेळ पाना-हातोडीचं काम चाललं होतं. मग बारक्या एवढ्या मोठ्यानं बोलला की हेडफोनबाहेर आम्हालाही ऐकू आलं. बोल्ट हातानं फिरत होता. मालक काहीतरी म्हणाले, आणि हे म्हणाले, हो, सांगा भंगारवाल्याला, येऊ नको म्हणावं.

मी उठलेच होते, पण यांनी हात वर करून मला थांबवलं. बारक्यानं मशीन पुन्हा चालू केलं होतं. हे ऐकत होते. ठक ठक गेली होती, मग आता काय ऐकतायत, मला कळेना. आणि बघता बघता यांचं नाक फुगलं. हे नाक फुगलेलं मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

"शाई कोण बघतंय?" हे गरजले. "रूळ चटचट करतायत, ऐकू येत नाही? तावच्या ताव खराब करशील, गाढवा. कमी कर आधी."

मग सुनेच्या मांडीवरच्या हेडफोनमधून बारक्याचा बारीक आवाज आला की होय मिस्त्री, जरा जास्तच झाली होती.

सुनेनं गुडघ्यात डोकं घातलं. तिचे खांदे हलत होते. यांचं तिकडे लक्षच नव्हतं. हे समोरचा कप उचलून तोंडाला लावत होते, आणि मग तो कप बशीत असा आपटला की चहा ट्रेवर उडाला.

"हा काय चहा आहे?" मला म्हणाले. "थंडगार. माणसाला कामाच्या वेळी एक कप धड मिळत नाही या घरात."

मी कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. पातेलं गॅसवर ठेवलं आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की हाताला साखरेचा डबा सापडेना, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. मागून सून आली.

"आई, बाबा चिडले?"

"चिडले," मी म्हटलं. "चांगलेच चिडलेत."

ती हुश्श म्हणून फ्रिजला पाठ टेकून उभी राहिली. मग तिला काहीतरी आठवलं, तिनं फ्रिज उघडला, किल्ली बाहेर काढली आणि बटण चालू केलं. फ्रिज घरघरायला लागला. मी दुधाचा वास घेऊन पाहिला, दूध चांगलं होतं.

बाहेरून यांचा पुन्हा आवाज आला, चहा होतोय की उद्या मिळणार? त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं, होतोय हो, पाणी तरी उकळू दे, आणि कानटोपीनं डोळे पुसत तिसरा कप पुढे सरकवला.